निलेश नावाची फाईल

आमच्या आचऱ्याच्या जेटीवर समुद्र मोजायची एक खोली आहे. लोक तिला ऑफिस म्हणतात. मी खोलीच म्हणते, कारण झाडते मी. पुण्याच्या एका संस्थेची ती. आत एक कॉम्प्युटर, छपरावर वारा मोजायचं यंत्र, जेटीच्या खांबाला पाण्याची पातळी मोजणारं दुसरं यंत्र, आणि बाहेर समुद्रात नांगरून ठेवलेले पिवळे बोये. बोयाच्या डोक्यावर सोलरची काच, पोटात बॅटरी आणि रेडिओ. खोलीतून हाक मारली की तो पाण्याचं तापमान, लाटेची उंची आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगतो. विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नाही. माझं काम काचांवरचं मीठ पुसायचं, चहा करायचा आणि बाबलीकाकांची बडबड ऐकायची. पगार पहिल्या दोन कामांचाच मिळतो.

बाबलीकाका म्हणजे बाबली तारी. यंत्रं चालवायचं काम त्यांचं. जन्म होडीत गेलेला, गुडघे गेले म्हणून किनाऱ्याला लागले. खाडीचं तोंड त्यांना पाठ, म्हणून संस्थेने घेतलं. साठीला आलेला माणूस दोन बोटांनी कॉम्प्युटर शिकला. एकेक अक्षर शोधून दाबायचे आणि दाबलं की मान डोलवायचे. मी हसले तर म्हणायचे, "सुशीला, तू आपला मीठ पूस."

त्यांची एक सवय. मशीन चालू करायच्या आधी उभं राहून गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे देवाला सांगितल्याशिवाय काही सुरू होत नाही, पण कॉम्प्युटरला गाऱ्हाणं घालणारा हा एकच. हात जोडून, डोळे मिटून, मोठ्याने: "बा देवा रामेश्वरा म्हाराजा! आज ह्या मशिनीक बुद्धी दी. वाऱ्याचो आकडो खरो येवंदे, पाण्याचो आकडो खरो येवंदे, आणि पुण्यासून फोन येवचो नाय असा कर म्हाराजा!" त्यावर मी झाडू हातात धरून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. नाही म्हटलं तर ते बटण दाबत नसत. मग बसा दिवसभर! म्हणून मी म्हणायची.

निलेश त्यांचा एकुलता एक मुलगा. डावरा. जेवणं सोडलं तर सगळं डाव्या हाताने, दोरीची गाठसुद्धा उलटी मारायचा. काका चिडवायचे, "तुझी गाठ सोडवूक तूच व्हयो." लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बायको दीपिका, देवगड बाजूची, बारीक आवाजाची मुलगी.

मागच्या वर्षी दसरा उलटल्यावर वादळी हवा आली आणि तीन नंबरच्या बोयाची साखळी तुटली. बोया वाहत चालला. पण वाहतावाहता उत्तर देत होता, मी इथे आहे, मी इथे आहे. पुण्याहून फोनावर फोन. काकांनी पडद्यावरचा ठिपका बघितला, जेटीवर निलेशची पात, त्याची छोटी होडी, बांधलेली बघितली आणि म्हणाले, "जा रे, अजून हाकेक ओ देता हा तवसर हाड तेका." निलेश बोया आणायला गेला. संध्याकाळी बोया बोलायचा थांबला. दुसऱ्या दिवशी पात तोंडवळीच्या बाजूला पालथी मिळाली. निलेश मिळाला नाही.

ते शब्द काका नंतर कधी बोलले नाहीत. पण त्यांच्या मनात ते शब्द दुसरं काही चालू देत नव्हते, हे मी रोज बघत होते.

आमच्याकडे समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. त्याशिवाय तो सुटत नाही आणि घरचेही सुटत नाहीत. भटजी दोनदा येऊन गेले. काकांनी दोन्ही वेळा चहा पाजून परत लावले. "गावलो नाय म्हणजे मेलो नाय," एवढंच. दीपिकेचं मंगळसूत्र गळ्यातच होतं. घोव नाही म्हणावं तर आहे, आहे म्हणावं तर नाही. माहेरचे न्यायला आले, ती गेली नाही. मला एकदा विहिरीवर म्हणाली, "सुशीलाकाकी, ते दारात उभे रवतत. भिजलेले. आत येनत नाय, जानत पण नाय. माका झोप लागना नाय गो."  आणि खरं सांगू? मला रागच आला. म्हाताऱ्याचाही, त्या बोयाचाही.

पावसाळ्याआधी पुण्याहून तन्वी मॅडम आली, नवीन प्रोग्राम घेऊन. पोरगी हुशार, आणि शिष्ट नाही. माझ्या हातचं माशाचं तिखलं खाऊन तिचं नाक वाहायला लागलं तरी ताट रिकामं केलं. तिने काकांना शेजारी बसवून समजावलं. जुन्या प्रोग्रामात सगळं एकातच कोंबलेलं होतं. आता एक फोल्डर करायचा आणि त्यात प्रत्येक यंत्राची वेगळी फाईल ठेवायची. फाईलमध्ये यंत्राचं नाव, रेडिओवरचा पत्ता, किती किती वेळाने विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर किती सेकंद वाट बघायची.

"प्रोग्राम सुरू झाला की आधी हा फोल्डर उघडतो, काका," ती म्हणाली. "आत जी जी फाईल दिसेल, ते यंत्र जिवंत आहे असं धरून चालतो. मग एकेकाला हाक मारतो."

"आणि फाईल नसली तर?" काकांनी ऑफिसातल्या मराठीत विचारलं.

"तर त्याच्या लेखी ते यंत्र नाहीच."

 मी ठेवलेला चहा काकांसमोर गार झाला.

मॅडमने जेटीच्या यंत्राची आणि दोन बोयांची फाईल करून दाखवली. वाऱ्याची काकांकडून करून घेतली. जाताना म्हणाली, "तीन नंबरची करू नका हां, तो गेला." ती गाडीत बसली, गाडी वळली, आणि काका खुर्चीत बसले. दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत, त्यांनी आणखी एक फाईल केली. पत्ता तीन नंबरच्या बोयाचा. आणि नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत लिहिलं: निलेश.

"काकानू, ह्या काय?" मी म्हटलं.

"होडयेक पोराचा नाव देतत मां? तसाच."

होडीला पोराचं नाव देतात हे खरंच. माझ्या सासऱ्यांच्या होडीवर माझ्या नवऱ्याचं नाव होतं. पण होडी समोर असते हो, पाण्यात तरंगत!

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. गाऱ्हाणं झालं, बटण दाबलं. पडद्यावर एकेक ओळ यायची. जेटी, उत्तर आलं. पहिला बोया, उत्तर आलं. दुसरा, उत्तर आलं. मग 'निलेश' अशी ओळ यायची आणि पुढे काही नाही. कोपऱ्यातला रेडिओ खर्र करायचा, म्हणजे हाक गेली. मग सगळं गप्प. बाहेर पाणी खांबावर आपटायचं तेवढंच. मी झाडू थांबवून उभी राहायची, माझ्याही नकळत. शेवटी ओळ पूर्ण व्हायची: उत्तर नाही. मगच प्रोग्राम वाऱ्याकडे वळायचा.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. दीपिकेने कधी घेतलं नाही. आणि इथे एक मशीन रोज उजाडत त्याला नावाने हाक मारत होतं. सकाळी ती काकांची पेज घेऊन यायची, उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि विचारायची, "मशीन काय म्हणता?" काका मान हलवायचे. ती डबा ठेवून जायची. मला वाटायचं त्या कॉम्प्युटरवर बादलीभर पाणी ओतावं.

आधी काकांनी वाट बघायला थोडेच सेकंद ठेवले होते. मग वाढवले. मग आणखी. एक दिवस मॅडमला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथे शून्य टाकलं तर काय होतं?" ती बिचारी सरळ मनाने म्हणाली, "शून्य म्हणजे हद्द नाही, काका. उत्तर येईपर्यंत प्रोग्राम तिथेच थांबून राहील. म्हणून शून्य कधी टाकायचं नाही." काकांनी फोन ठेवला आणि शून्य टाकलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून प्रोग्राम निलेशपाशी येऊन थांबला तो थांबलाच. वाऱ्याचा आकडा नाही, पुण्याला काही जात नाही. रेडिओ मधून मधून खर्र करायचा आणि पुन्हा वाट बघायचा. मी म्हटलं, "शिरा पडो तुमच्या त्या शून्यार! मच्छीमारांका वारो सांगूचो कोणी? तुमच्या एका झिलापायी धा जणांचे झील बुडवतलास?" त्यांच्या मुलावरून बोलून गेले आणि जीभ चावली.  काकांनी कागदावर वारा स्वतः लिहिला, बाहेर जाऊन फळ्यावर लावला आणि परत येऊन खुर्चीत बसले.

भाद्रपदातले म्हाळ लागले. घराघरातून पितरांची पानं वाढायला लागली. त्या दिवशी पुण्याहून मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच जास्त भीती वाटली. "काका, मला माहीत आहे ती फाईल कोणाची आहे. पण वरून विचारणा झाली. केंद्र बंद करा म्हणतायत. दुपारी मी इथूनच ती काढते." काकांनी "बरं" म्हटलं, फोन ठेवला, वाकले आणि इंटरनेटची वायर भिंतीतून उपटली.

तेवढ्यात दीपिका आली. आज उंबऱ्याबाहेर थांबली नाही. आत आली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"बाबानू, म्हाळ लागले. ह्या वर्षी तरी पुतळो करूया. तेंका वाट मोकळी करून देवया."

"फोल्डरात आसा तवसर माझो झील आसा," काका म्हणाले. "तेचो पुतळो मी जाळूक देवचंय नाय."

"आणि मी? मी खंयच्या फोल्डरात आसंय, बाबानू?"

 मी पदर तोंडाला लावला. बाहेर टळटळीत ऊन पडलं होतं. आणि कोपऱ्यातला रेडिओ खर्र वाजला. मग पुन्हा वाजला. निलेशच्या एका हाकेला दोनदा तो कधी वाजला नव्हता.

पडद्यावर ओळ पूर्ण झाली होती. निलेश, उत्तर आलं.

 त्याखाली दुसरी ओळ आली, तापमान. आमच्या समुद्राचं पाणी त्या दिवसांत अठ्ठावीसच्या आसपास असतं, दोन्ही बोये तेच सांगत होते. ह्या ओळीत सदतीस होतं.

"सदतीस," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. त्यांनी हात पुढे केला आणि पडद्यावर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "माणसाच्या आंगाची ऊब गो ही. सुशीला, ऊब आसा तेका! जितो आसा!"

मला कळत होतं. बोया कुठेतरी पाण्याबाहेर आहे, उन्हात पडलाय, म्हणून बॅटरी जागी झाली, म्हणून तो तापलाय. सगळं कळत होतं. तरी मी पडद्यावरचा तो आकडा पुन्हा वाचला. दीपिका भिंतीला पाठ लावून उभी होती आणि दाराकडे बघत होती, पडद्याकडे नाही. नकाशावर ठिपका मिठबावच्या वाळूत होता.

माझ्या नवऱ्याची रिक्षा जेटीवरच होती. आम्ही मुणग्यावरून मिठबावला निघालो. काकांनी एक सदरा घडी घालून मांडीवर धरला होता. निलेशचा, धुतलेला, खोलीतल्या खुंटीवर असायचा तो. तो बघितल्यावर मला त्यांना काही सांगायचं धैर्यच झालं नाही.

किनाऱ्यावर जाळ्यांच्या ढिगाशेजारी बोया पडला होता. अंगभर कालवं आणि शेवाळ, अर्ध्या अंगाला जुनं फाटकं जाळं. सोलरची काच मात्र कोणीतरी पुसली होती. हरिश्चंद्र म्हणून तिथलाच मच्छीमार पुढे आला. "काल जाळयेक लागलो. तळाक, जाळ्यात गुरफाटलेलो होतो. मी म्हटलंय सरकारी वस्तू आसा, कोण तरी येतलो. म्हणान पुसून ठेवलंय."

"आणि माणूस?" काकांनी विचारलं.

हरिश्चंद्राने माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. 

काका वाळूत गुडघ्यांवर बसले, ते गुडघे वाकत नसताना. बोयाच्या कडीला पिवळी नायलॉनची दोरी बांधलेली होती. आमच्या संस्थेची नव्हे, पातीची. गाठ उलटी होती. काकांनी ती बोटाने चाचपली आणि त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. निलेश बोयापर्यंत पोचला होता. त्याने तो बांधून घेतला होता, ओढत आणत होता.

मग काकांनी दोरीचं दुसरं टोक शोधून काढलं. वाळूतून ओढून हातात घेतलं, अंगठा फिरवला, उन्हात धरून बघितलं. दोरी तुटते तेव्हा तिचे धागे विस्कटतात. ह्या टोकाचे धागे एका रेषेत होते.

"कापल्यान," ते म्हणाले. "सुरयेन कापल्यान. दीपिका, बघ गो. दर्या चढलो तसो तेना बोयो सोडून दिल्यान. माझा ऐकल्यान नाय शेवटाक. घराकडे वळलो होतो तो."

दीपिका खाली बसली. तिने ते टोक त्यांच्या हातातून घेतलं, बोटांत फिरवलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली. एवढ्या दिवसांत मी तिला तशी रडताना बघितलं नव्हतं. काकांनी सदरा तिच्या खांद्यावर टाकला. घराकडे येत होता, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि पोचला नाही, हे म्हणायची गरज कोणालाच नव्हती.

बोया जड. उद्या टेम्पो आणू, असं ठरलं. हरिश्चंद्र राखण करतो म्हणाला. आम्ही परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. मला वाटलं काका घरी जातील. पण ते खोलीकडे वळले आणि दीपिका त्यांच्या मागून गेली, म्हणून मीही.

उत्तर मिळाल्यामुळे प्रोग्राम आता सुटला होता, ठरल्याप्रमाणे मधून मधून सगळ्यांना विचारत होता. काका खुर्चीत बसले. रेडिओ खर्र वाजला. निलेश, उत्तर आलं. तेहतीस. खिडकीतून सूर्य पाण्याला टेकलेला दिसत होता. पुन्हा विचारलं. एकतीस. दीपिकेने दिवा लावला, देवाचा नव्हे, खोलीतला. पुन्हा विचारलं. वाळू निवत होती तिकडे मिठबावला, आणि बोयाचा पत्रा निवत होता. मला ठाऊक होतं, काकांनाही ठाऊक होतं. पण ते त्या आकड्याकडे असे बघत होते की मी झाडू उचलला नाही, चहा विचारला नाही. उशाशी बसून आपल्या माणसाचा हात धरायला त्यांना मिळालं नव्हतं. ते आता बसले होते.

एकोणतीस. मग सत्तावीस. पुढच्या हाकेलाही सत्तावीसच.

"निवलो," काका म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले, वायर भिंतीत परत खोचली आणि फोल्डर उघडला. पाचही फाईली एका ओळीत दिसत होत्या. त्यांनी एकीवर बोट ठेवलं. मग उभे राहिले, हात जोडले. सकाळी उभे राहतात तसेच.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा," ते म्हणाले, "माझो झील, निलेश बाबली तारी, ह्या दर्यात गेलो. तो गेलो आसा म्हाराजा. बापाक ह्या सांगूक उशीर झालो, ता पोटात घाल. तेका वाट मोकळी कर. तेच्या बायलेक मोकळी कर म्हाराजा."

मला "व्हय म्हाराजा" म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही.

काकांनी बटण दाबलं. मशीनने विचारलं, ही फाईल खरंच काढायची का, आणि पुढे ते नाव लिहिलं. काकांचं बोट वर राहिलं ते राहिलं. खाली येईना.

दीपिका खुर्चीमागे उभी होती. ती वाकली, पडद्यावरची अक्षरं वाचली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं.

"निलेश," ती म्हणाली. "जावा आता तुमी."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि काकांनी बोट खाली टेकवलं.